‘सीपी आहे’, पण कोणता? सेरेब्रल पाल्सीच्या प्रकारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करताना दर आठवड्याला एखादी तरी नवी फाईल हातात येते, आणि तिच्यावर निदानाच्या जागी दोनच अक्षरं असतात: सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. आई-बाप ती फाईल घेऊन गारगोटीहून, गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेले असतात. ‘कोणता प्रकार सांगितलाय?’ असं विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात. त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. पण एका मुलाला लागू पडलेलं औषध, व्यायाम किंवा पायाचा स्प्लिंट (पाय सरळ धरून ठेवणारा साचा) दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि तो फरक बऱ्याचदा प्रकारातच दडलेला असतो. खालचे प्रश्न बाकावर बसून विचारलेले आहेत. काही तर निघता निघता, दाराला हात लावून. वाचून अंदाज यावा एवढाच उपयोग करा, तपासणी डॉक्टरांकडूनच होऊ द्या.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे पोलिओच ना?

नाही. पाय वाकडा दिसला की आपल्याकडची जुनी माणसं पोलिओच म्हणतात, कारण त्यांनी तोच पाहिलेला. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या पेशी मारतो, मग पाय लुळा पडतो आणि बारीक होतो. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला. सेरेब्रल पाल्सीत पाय, स्नायू, नसा मुळात धड असतात; त्यांना हुकूम सोडणाऱ्या मेंदूला इजा झालेली असते. मेंदू वाढत असतानाच ती होते: पोटात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत.

मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. मग ‘चौथ्या वर्षी टाच टेकत होती, आता आठव्या वर्षी टेकत नाही’ असं का होतं? हाड लांब होत जातं आणि ताठ स्नायू त्याच्या बरोबरीनं लांबत नाही, म्हणून. आजार वाढला असं वाटतं, वाढलेलं असतं मूल.

एकूण प्रकार किती?

दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावात सांगितलेल्या असतात, म्हणून गोंधळ होतो. स्नायू कसे वागतात, ही पहिली. त्यावरून स्पास्टिक म्हणजे ताठ, डिस्कायनेटिक म्हणजे नको त्या हालचाली होणारा, अटॅक्सिक म्हणजे तोल न साधणारा, आणि मिश्र असे चार प्रकार होतात. शरीराचा कोणता भाग धरला आहे, ही दुसरी. एकच बाजू असेल तर हेमिप्लेजिया, मुख्यतः दोन्ही पाय असतील तर डायप्लेजिया, हातपाय चारही असतील तर क्वाड्रिप्लेजिया. फाईलवर ‘स्पास्टिक डायप्लेजिया’ असेल तर पहिला शब्द ‘कसं’ सांगतो, दुसरा ‘कुठं’. दोन्ही शब्द लिहून मागून घ्या.

स्पास्टिक म्हणजे कडक एवढंच का?

एवढंच नाही. गाडीचा सीटबेल्ट हळू ओढला की येतो, हिसडा दिला की जागेवर अडतो, तसा हा स्नायू. सावकाश वाकवलेला गुडघा वाकतो. झटक्यात वाकवायला जा, मध्येच रोखला जातो. म्हणून आंघोळ घालताना, कपडे घालताना घाई करायची नाही. हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो, दहा मुलांतली साधारण आठ यातली.

मी मुलाला तपासायच्या आधी त्याची चप्पल उलटी करून बघते. हसतात पालक, पण चप्पल खोटं बोलत नाही. टाचेचा भाग कोरा करकरीत आणि चवड्याखाली भोक, म्हणजे पोरगं चवड्यांवर चालतंय. एकच चप्पल झिजलेली, तीही पुढून आणि बाहेरच्या कडेनं, म्हणजे तो पाय फरफटतोय.

डायप्लेजिया जास्त करून दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, ‘काचेच्या पेटीत’ राहिलेल्या बाळांत दिसतो. मेंदूच्या मध्यभागी पाण्याच्या पोकळ्या असतात. पायांकडे जाणारे धागे त्या पोकळ्यांना अगदी खेटून जातात, हातांचे थोडे लांबून. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रक्ताचा पुरवठा कमी पडला की पोकळ्यांच्या कडेचा हाच भाग आधी मार खातो, म्हणून पाय जास्त सापडतात आणि हात बऱ्यापैकी वाचतात. उभं केलं की पायांची कात्री होते, गुडघे एकमेकांना घासतात. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये अशा मुलांवर निबंध वाचला, त्यामुळे कित्येक वर्षं याला ‘लिटलचा आजार’ म्हणत. लिटल स्वतः लहानपणापासून पायानं अधू होते.

हेमिप्लेजियात बरेचदा जन्माच्या आगेमागे बाळाच्या मेंदूच्या एका बाजूला रक्त न पोचल्यानं इजा झालेली असते. होय, बाळालाही स्ट्रोक येतो. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवं अंग सापडतं. हे ओळखायला उशीर होतो आणि त्याचं कारण गोड असतं. आजी कौतुकानं सांगते, ‘डावरा हाय बघा, आजोबावर गेलाय.’ बाळ सहाव्या महिन्यात सगळं डाव्याच हातानं घेतं, उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत. पण वर्षाच्या आत बाळ डावरं-उजवं ठरवत नसतं. एकाच हातानं घेत असेल तर दुसरा हात काय करतोय ते बघा. ही मुलं जवळजवळ सगळी चालतात. हाताला मात्र काम लागतं: चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि कमजोर हाताला खेळायला लावायचं. आम्ही थाळीत भडंग पसरून एकेक चिरमुरा उचलायला देतो. शेंगदाणे आधी काढून टाका, लहान मुलाच्या घशात अडकतात.

क्वाड्रिप्लेजियात चारही हातपाय, मान, पाठ, गिळणं, सगळंच धरलेलं असतं. फिट येण्याचं प्रमाणही इथं जास्त. दोन गोष्टी घट्ट लक्षात ठेवा. भरवताना मान मागं टाकून वरून ओतू नका, घास श्वासनळीत जातो आणि ‘सारखा न्यूमोनिया होतो’ ही तक्रार बऱ्याचदा तिथून सुरू होते. आणि खुब्याचा एक्सरे. ताठ स्नायू मांडीचं हाड हळूहळू खोबणीतून बाहेर ओढतात. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा असा सरकतो, न चालणाऱ्यांत जास्त. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा मुलाचा एक्सरे डॉक्टर सांगतील तसा, साधारण सहा महिने ते वर्षभरानं, काढत राहावा लागतो.

आमचं पोरगं कडक नाही, उलट सारखं वळवळतं. तेही सीपीच का?

बहुधा डिस्कायनेटिक प्रकार असेल. मेंदूत खोलवर पेशींचे काही पुंजके असतात, हालचालीची गाळणीच म्हणा. नको त्या हालचाली तिथं अडवल्या जातात. ती गाळणी बिघडली की हात साप वळावा तसा वळत राहतो, तोंड वाकडं होतं, जीभ बाहेर येते. याला अथेटोसिस म्हणतात. अंग पिळवटून एका विचित्र अवस्थेत अडकून राहत असेल तर तो डिस्टोनिया. पाहुणे आले, मूल खूश झालं, घाबरलं, की सगळं दुप्पट. झोप लागली की शांत. रात्री झोपलेल्या मुलाचा हात धरून बघा, दिवसा दोघांना न आवरणारा हात लोण्यासारखा मऊ लागेल. डॉक्टरांना ही गोष्ट जरूर सांगा.

मी इथं चुकले आहे, म्हणून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत असा एक मुलगा यायचा, आणि मी त्याला ताठ मुलांसारखं जोर लावून ताणायचे. मी जितकं ओढायचे तितका तो पिळवटायचा. एक दिवस त्याचं बघून शिकले: डावा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून बसला की त्याच्या उजव्या हाताला नेम यायचा. त्याला ताणायची गरजच नव्हती, टेकण हवं होतं. नीट बसवलेली खुर्ची, पायाखाली पाट, कमरेला पट्टा, एवढ्यानंही अशा मुलाचा हात कामाला येऊ शकतो.

या प्रकाराची दोन मोठी कारणं म्हणजे जन्मताना प्राणवायू फार कमी पडणं आणि नवजात बाळाची तीव्र कावीळ. काविळीतलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, प्रमाणाबाहेर वाढलं की मेंदूतल्या याच पुंजक्यांत जाऊन बसतं. चीड येते ती इथं, कारण हे टाळता येतं. बाळ पोटाच्या खाली, पायांपर्यंत पिवळं दिसायला लागलं, सुस्त झालं, दूध ओढेना, की कोवळं उन्ह आणि गळ्यातली माळ यांवर दिवस घालवू नका. त्याच दिवशी रक्त तपासा. निळ्या दिव्याखाली ठेवून, फारच वाढली असेल तर रक्त बदलून, मेंदू वाचवता येतो. आई-बाळाचे रक्तगट न जुळल्यानंही अशी कावीळ होते, म्हणून आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल गरोदरपणातच विचारा. काविळीमुळे हा प्रकार झालेल्या मुलाची बेरा ही ऐकण्याची तपासणी चुकवू नका, त्या काविळीनं कानही जातात. हाक मारल्यावर न बघणारं मूल ‘मतिमंद’ ठरवलं जातं आणि प्रत्यक्षात त्याला ऐकूच येत नसतं.

अटॅक्सिक कसा ओळखायचा?

पाय फाकवून, हेलकावत चाल. पेल्याकडे हात नेताना जसजसा पेला जवळ येतो तसतसा हात जास्त थरथरतो. यात इजा लहान मेंदूत असते. हा प्रकार क्वचित दिसतो आणि म्हणूनच फाईलवर हा शब्द दिसला की मी थोडी थांबते. तोल जाण्यामागे आनुवंशिक आजारही निघतात, त्यांतले काही वाढत जाणारे असतात. मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाला एकदा दाखवल्याशिवाय या निदानावर शिक्का मारू नये. आपल्याकडं मामाच्या, आत्याच्या मुलाशी लग्नं होतात. नात्यातलं लग्न असेल तर तेही न लाजता सांगा.

मिश्र प्रकारात बहुतेक वेळा ताठपणा आणि डिस्टोनिया एकत्र असतात. व्यवहारात बारकाईनं बघितलं तर असं मिश्रण वाटतं त्यापेक्षा जास्त सापडतं.

एमआरआय नॉर्मल आला. मग सीपी नाही असं समजायचं का?

निदान मुलाला तपासून होतं, फोटोवरून नाही. दहातल्या एखाद्या मुलाचा एमआरआय खरंच नॉर्मल येतो. पण जन्माचा इतिहास साधा आणि एमआरआयही कोरा असेल, तर दुसरं काही आहे का ते शोधायलाच हवं. एक आजार तर असा आहे, डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया, की मूल सकाळी बऱ्यापैकी चालतं आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडे पडायला लागतात. स्पास्टिक डायप्लेजिया म्हणून वर्षानुवर्षं व्यायाम चालतात, आणि लेव्होडोपा नावाच्या गोळीच्या छोट्या डोसानं ते मूल चालायला लागतं. विरळा आजार आहे, सगळ्यांनी आशा लावून बसू नये. पण ‘सकाळी बरा, संध्याकाळी वाईट’ हे वाक्य तुमच्या तोंडी येत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर पडलंच पाहिजे.

आधी सैल होता, आता कडक म्हणतात. निदान बदललं का?

मूल वाढताना चित्र स्पष्ट होत जातं. पुष्कळ बाळं पहिले काही महिने गोधडीसारखी सैल असतात, मान धरत नाहीत, आणि मग ताठपणा दिसू लागतो. वळवळ तर बऱ्याचदा पहिल्या वाढदिवसानंतर दिसायला लागते. प्रकार पक्का व्हायला दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. व्यायाम मात्र त्याची वाट बघत थांबवायचे नाहीत. ‘आमच्यात सगळी उशिरानंच चालतात’ म्हणून गेलेलं वर्ष परत मिळत नाही.

मॅडम, चालंल काय ओ?

हा पहिला प्रश्न असतो, विचारला जातो शेवटी. प्रकार अंदाज देतो, पण त्याहून चांगला अंदाज जीएमएफसीएस नावाच्या पाच पायऱ्या देतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून १९९७ मध्ये त्या मांडल्या गेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या पायरीचं मूल जोतिबाच्या पायऱ्या कठडा न धरता चढेल, पळेल, जरा धडपडेल. दुसऱ्या पायरीचं कठडा धरून चढेल, गर्दीत आणि खडबडीत रस्त्यावर अडखळेल. तिसऱ्याला घरात वॉकर आणि रंकाळ्याला फेरी मारायची तर व्हीलचेअर. चौथ्याला बहुतेक वेळ खुर्चीच, पण जमलं तर ती स्वतः चालवता येईल. पाचव्याला मान आणि पाठ धरायलाही आधार लागतो.

दोन वर्षांच्या आत हात न टेकता स्वतंत्र बसणारी मुलं बहुतेक चालतात. हेमिप्लेजियाचं जवळपास प्रत्येक मूल चालतं, डायप्लेजियाची पुष्कळशी चालतात, क्वाड्रिप्लेजियात थोडी. सगळे प्रकार धरले तर तीनातलं एक मूल चालत नाही. पांगुळगाडा विकत घेण्याआधी मात्र विचारा. चवड्यांवर उभं राहणाऱ्या मुलाला तो आणखी चवड्यांवर ढकलतो.

बुद्धी कमी असते का?

साधारण निम्म्या मुलांत बौद्धिक अडचण असते, म्हणजे निम्म्यांत नसते. डिस्कायनेटिक मुलांवर यात सर्वांत मोठा अन्याय होतो. लाळ गळते, शब्द उमटत नाहीत, तोंड वेडंवाकडं होतं, आणि समोरचा ठरवून मोकळा होतो. आत मात्र सगळं कळत असतं. साधारण चारातल्या एका मुलाला बोलता येत नाही. त्यांच्यासाठी चित्रांचा तक्ता, डोळ्यांनी ‘हो-नाही’ दाखवणं इथपासून सुरुवात करता येते. वयानं मोठ्या मुलाशी ‘आले का बाऽऽळ’ असं बोलणं आधी बंद करा. त्याला राग येतो.

तालमीतल्या वस्तादांकडून मालीश करून घेतली तर पाय मोकळा होईल?

कोल्हापूर आहे, हा प्रश्न येणारच. पैलवानाचा थकलेला स्नायू आणि मेंदूच्या चुकीच्या हुकुमानं ताठलेला स्नायू यांत फरक आहे. आईनं हलक्या हातानं तेल लावलं तर मुलाला बरं वाटतं, झोप लागते, जरूर लावा. पण मालिशीनं ताठपणा जात नाही. जोर लावून सांधा ‘सोडवणाऱ्या’ कुणाच्याही हाती मूल देऊ नका. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, मांडीचं हाड मोडायला फार जोर लागत नाही.

बोटॉक्स, ऑपरेशन, स्टेम सेल, काय करावं?

इथं प्रकार कामाला येतो. बोटॉक्सचं इंजेक्शन मोजक्या स्नायूंतला ताठपणा काही महिन्यांपुरता उतरवतो; त्या महिन्यांत व्यायाम आणि स्प्लिंट झाला तर फायदा, नाहीतर पैसे पाण्यात. संपूर्ण अंग ताठ असेल तर बॅक्लोफेनसारखं औषध. पाठीतल्या निवडक नसा कापण्याचं ऑपरेशन ठरावीक स्पास्टिक डायप्लेजियाच्या मुलांसाठी आहे. डिस्टोनिया असेल तर ते नको. डिस्टोनियाची औषधं वेगळी. आखडलेली शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, लांब करायचं ऑपरेशन खूप लवकर केलं तर पुन्हा करावं लागण्याची शक्यता वाढते, म्हणून ‘अजून थांबू’ म्हणणारे सर्जन टाळाटाळ करत नसतात.

स्टेम सेलसाठी, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचारासाठी, शेतीचा तुकडा विकायला निघालेले पालक मी पाहिलेत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. सेरेब्रल पाल्सीत तो फक्त मंजूर संशोधनातच, आणि तिथं रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठून या.

माझं काय चुकलं? ग्रहणात भाजी चिरली म्हणून सासूबाई बोलतात.

ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. दोन शब्द सासूबाईंना सांगायचे असतील तर त्यांना पुढच्या वेळी घेऊन या, मी सांगते. आणि बाळ जन्मल्यावर रडलं नाही म्हणजे सगळा दोष बाळंतपणाचाच, असंही नाही. पुष्कळदा इजा पोटात आधीच झालेली असते आणि अवघड बाळंतपण हा तिचाच परिणाम असतो. सिग्मंड फ्रॉइड मनोविश्लेषणाकडे वळायच्या आधी मुलांच्या मेंदूविकारांवर काम करत, आणि ही शंका त्यांनी एकोणिसाव्या शतकातच काढली होती.

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटला प्रकार लागतो का?

टक्केवारी कामाची असते, पण निदान स्पष्ट लिहिलेलं असलं की काम सोपं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर बरेच लाभ लागू होतात, ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, तपासणीला जाताना जुने सगळे कागद न्या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यातून थेरपीचाही काही खर्च मिळतो. मूल स्वतःचे निर्णय घेऊ शकणार नसेल तर अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्वाचा कागद करावा लागतो, हे बहुतेकांना बँकेत गेल्यावर कळतं.

काकाचं लग्न आहे. कोल्हापुरी चप्पल घालू दे का?

घालू दे की. फोटोपुरती, तासभर. पायाचा स्प्लिंट कोल्हापुरीत बसत नाही आणि बोटं आत वळणाऱ्या मुलाचा अंगठा तिच्या कडीत जातच नाही. ओढून घातला तर सोलतो. मागं पट्टा लावून देणारे कारागीर सापडतात, त्यानं निसटायची तेवढी थांबते. रोजच्यासाठी मात्र स्प्लिंटवर एक नंबर मोठा, पूर्ण उघडणारा वेल्क्रोचा बूट घ्या आणि आतला सोल काढून टाका, जागा होते. खरेदीला जाताना स्प्लिंट घालूनच मुलाला न्या. आणि जुनी, झिजलेली चप्पल टाकू नका. पुढच्या वेळी पिशवीतून घेऊन या, मला बघायची आहे.